लोगोसाठी सोनं गहाण, आणि एक 'दुप्पट'वाली एफडी

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आहे. चित्र काढणं, लिहिणं सुटून गेलेल्या बायकांसाठी त्या क्रिएटिव्ह कोचिंग चालवतात. 12 जणी, दरमहा 1,500 फी. पुण्याच्या डिझायनरने लोगो, रंग, अक्षरं, वेबसाइट, फोटोशूट मिळून 1 लाख 40 हजार सांगितलेत. सोनं गहाण ठेवू का, असं विचारतात. शेवटी एक ओळ: 'बँकेतल्या साहेबांनी लाखाची एफडी करून दिलीय, दोन हप्ते भरले. पाच वर्षांत दुप्पट होणार, त्यातून सोनं सोडवीन.' सोबत कागदाचा फोटो.

ताई, लोगोचं नंतर. एफडीला हप्ते कधीपासून लागले? फोटोत ठळक 'एंडोमेंट' छापलंय. हा विमा आहे. पाच नाही, दहा वर्षं लाख-लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षी 15 लाख मिळायचे. परतावा जेमतेम 4 टक्के. साहेब म्हणाले तसे पाच हप्त्यांचे पाचव्या वर्षाअखेर दहा लाख व्हायचे तर वर्षाला 24 टक्के सुटायला हवेत. एवढं देणारी बँक सापडली तर मलाही कळवा.

विमा नको म्हणून कागद परत करायची मुदत केव्हाच उलटली. आता विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पंधराव्या वर्षी किती. सरेंडरला भरलेल्या दोन लाखांतले साठ-सत्तर हजार हाती आले तरी दचकू नका. गेलेल्यासाठी जीव तुटतो, पण ते वाचवायला आणखी आठ लाख घालणार का? माझं मत, तिसरा हप्ता भरू नका. विमा हवाच असेल, तर घरात ज्याच्या कमाईवर चूल पेटते त्याच्या नावाने साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या.

म्हणजे सोनं सोडवायचा पैसा मुळात नाहीच. 1 लाख 40 हजारांवर 18 टक्के जीएसटी धरला तर 1 लाख 65 हजार, म्हणजे तुमची नऊ महिन्यांची अख्खी फी. सोन्यावरच्या कर्जाचं 12 टक्क्यांनी वर्षाचं व्याज वीस हजार. तुम्हीच लिहिलंय की बारापैकी दहा जणी ओळखीतून आल्या. त्यांतल्या कुणी लोगो पाहिला होता? 1945 साली तुमच्याच गावात वनस्पती तुपापासून सुरू झालेल्या विप्रोने रंगीत फुलाचा लोगो घेतला 1998 मध्ये.

वीस-पंचवीस हजारांत भागवा. नाव देवनागरीत, रंग दोनच, आणि व्हॉट्सअॅपच्या डीपीएवढ्या गोलात वाचता आलं पाहिजे. 'मुक्ता'सारखा फुकट, मोकळ्या परवान्याचा फॉन्ट पुरतो. फोटोशूट कशाला? बायकांनी केलेल्या कामाचे फोटो काढा, त्यांना विचारून लावा. डिझायनरकडून लोगोचे हक्क मात्र लेखी घ्या, नुसते पैसे दिले म्हणून कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. नाव पक्कं झालं की वर्ग 41 (शिक्षण-प्रशिक्षणाचा वर्ग) मध्ये ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करा. व्यक्तीला फी 4,500, नोंदणी दहा वर्षं चालते. तीस जणी झाल्या की वेबसाइटचं बघू.

तिसरा हप्ता दिवाळीत आहे आणि तो खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून ऑटो-डेबिट बंद करायचा अर्ज याच आठवड्यात शाखेत द्या. साहेबांची एव्हाना बदली झाली असेल. जे कुणी खुर्चीवर असतील त्यांच्याकडून शिक्का मारलेली पोच घ्या.