सही तुमची, घास दुसऱ्याचा

प्रश्न : ताई, मी द्राक्ष निर्यातीच्या कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. दिंडोरी, निफाडच्या बागांची फवारणीची नोंदवही तपासून सही करणं हे माझं काम. एका प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे द्राक्षांत औषधाचा अंश किती उरलाय याची प्रयोगशाळेतली तपासणी, पास आला, पण नमुना गेल्यानंतर भुरी (बुरशीचा रोग) दिसली म्हणून शेतकऱ्याने पुन्हा फवारलं. साहेब म्हणतात, ही फवारणी वहीत घेऊच नको, कंटेनर ठरलाय. शेतकरी दादाही हात जोडतात, सोसायटीचं कर्ज आहे. गेल्या हंगामात मी अशी एक सही केली होती, काही झालं नाही. मिस्टरांचा धंदा बसलाय, फ्लॅटचे हप्ते माझ्या पगारावर आहेत. सासूबाईंना पंचवटी सोडवत नाही म्हणून मी पुण्याची नोकरी सोडली. आयुष्यभर तडजोडच करत आले, मग ही एकच का खटकते? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खटकते, कारण ती पुण्याच्या नोकरीसारखी नाही. पुण्याची नोकरी तुमची होती. ती सोडली तेव्हा तुम्ही स्वतःच्या ताटातलं काढून दिलंत. (घरात दर वेळी तुमच्याच ताटातलं का जातं, हे मिस्टरांना एकदा विचारा. तो विषय आज बाजूला ठेवते, संपलेला नाही.) वहीतली फवारणी गाळणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं देणं, आणि ते त्याला न सांगता. जो माणूस ती द्राक्षं मुलाच्या डब्यात भरणार, त्याला कुणी काही विचारलेलं नाही. तो पॅकहाउसमध्ये नाही, साहेबांच्या केबिनमध्येही नाही. वहीतली तुमची सही त्याच्या वतीने आहे, त्यासाठीच तर तुम्हाला पगार मिळतो.

पंचवटीत राहता म्हणून आठवण देते. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या रामनवमीला रथाच्या बाबतीत तडजोड झाली, दोन्ही बाजूंच्या धडधाकट माणसांनी मिळून रथ ओढायचा. बाबासाहेबांच्या लोकांचा हक्क मंदिरात जाण्याचा होता, त्या दिवसापुरते ते रथाच्या दोरीवर राजी झाले. आयत्या वेळी सवर्णांनी रथ पळवला आणि दगडफेक झाली. ज्यांनी शब्द पाळला त्यांना या तडजोडीची लाज वाटायचं कारण नव्हतं. जे सोडलं ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि उघडपणे सोडलं होतं. पुढे सत्याग्रह काही वर्षं चालला, आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, पण शाळेत रथाचा हा भाग फारसा कुणी सांगत नाही.

आता ‘काही झालं नाही’ याबद्दल. म्हणजे तुमच्या कानावर काही आलं नाही, इतकंच. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. ज्यांनी सगळं नियमात केलं होतं, त्यांचेही पैसे अडकले, कारण बंदरावर माल एकेका शेतकऱ्याचा म्हणून नाही, भारताचा म्हणून ओळखला जातो. तुमच्या दादांचं कर्ज खरं आहे, पण शेजारच्या बांधावरच्या माणसाचंही कर्ज तितकंच खरं आहे. ‘शेतकऱ्याचं भलं’ म्हणताना साहेब कुठला शेतकरी मोजतात?

तुमच्या हातातला पास रिपोर्ट नमुना काढला त्या दिवशीच्या घडांचा आहे, आजच्या घडांचा नाही. तेव्हा फवारणी वहीत घ्या, औषधाचं नाव आणि तारीख जशीच्या तशी. पीएचआयचे, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस भरू द्या, मग प्रयोगशाळेकडून पुन्हा नमुना काढून घ्या. तोवर घडांत साखर चढेल, भाव कदाचित उतरेल. हे नुकसान दादांना आधीच, बागेत जाऊन, तोंडावर सांगा. हात जोडणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, पण कंटेनर फेल गेला तर पहिला खर्च त्यांच्याच नावावर टाकला जाईल.

साहेबांशी वाद घालू नका, राजीनामाही फेकू नका. रागात सोडलेली नोकरी हप्ते भरत नाही. एक ओळ लिहून पाठवा, ‘अमुक प्लॉटवर अमुक तारखेला फवारणी झाली आहे, नोंद घेतली आहे, पुढे काय करायचं ते कळवा.’ तोंडी हुकूम देणारी बरीच माणसं लेखी उत्तर मागितलं की आवाज खाली आणतात. नाहीच आणला, तर सहीचं सोडून दुसरं काम मागा. पॅकहाउस, डॉक्युमेंटेशन, जे मिळेल ते. यंदाची वाढ सोडायला लागली तर सोडा. ही तडजोड मात्र खुशाल करा, ती तुमच्या पगाराची आहे.

गेल्या हंगामातल्या सहीचं तुम्हाला आता काही परत करता येणार नाही. त्या प्लॉटचं रेकॉर्ड कुणी विचारलं तर खरं सांगायची तयारी ठेवा. साहेबांनी ती सही तुमच्यावर दाब टाकायला वापरली, ‘तेव्हा केलीस, आता काय झालं’ म्हणाले, तर ‘तेव्हा चुकले’ एवढंच म्हणा आणि थांबा.

मिस्टरांना मात्र आज रात्रीच सगळं सांगा. तुमच्या पत्रात त्यांचा धंदा आहे, त्यांचं मत कुठे दिसलं नाही. दोघं मिळून बँकेत जा आणि कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का विचारा. पहिला हप्ता चुकायच्या आधी गेलात तर मॅनेजर नीट ऐकून घेतो, नंतर वसुलीवाल्याशी बोलावं लागतं.