दवाखान्यात रोजचं पान रोजच कशाला?

(पत्र थोडं कापलंय, आणि माणसं ओळखू येतील असं बरंच काही बदललंय. का, ते खाली कळेलच.)

"आक्का, मी खानापूर तालुक्यातली, वय बेचाळीस. गेली कित्येक वर्षं रोज रात्री जेवणं झाली की एक पान लिहिते, दिवसभरात काय झालं ते, शेतातलं, घरातलं, बसमधलं, आणि सकाळी फोटो काढून व्हॉट्सॲपवर बहिणींना, मैत्रिणींना, माहेरच्यांना पाठवते. आता शंभरेक लोक वाचतात. मध्ये गाडीवरून पडून पाय मोडला, रॉड घातला, त्यात इन्फेक्शन झालं, परत ऑपरेशन, आणि आता बेळगावात ॲडमिट आहे. हाडापर्यंत गेलंय म्हणे, शिरेतून अँटिबायोटिक सहा आठवडे. सुरुवातीला खाटेवरूनही रोज लिहिलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर जमेना, सलग चुकलं. लोक विचारतात, आज पान नाही? मला रडू येतं. आमचे हे म्हणतात, गप पडून रहा की, कुणाला पडलंय तुझ्या लिहिण्याचं. वर आणखी एक झालं. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्यावर मी एक पान लिहिलं होतं, आपुलकीनंच, नाव घातलं नव्हतं, तरी फिरत फिरत ते त्यांच्या गावात पोचलं. आता त्यांची सून माझ्याशी बोलत नाही. लिहिणं सोडून देऊ का? – खाटेवरची"

अगं खाटेवरचे, सोडायचं नाही. पण "रोज" मात्र सोड, घरी येईपर्यंत तरी. तुझ्या पत्रात लिहिण्यापेक्षा चुकण्याबद्दलच जास्त आहे, ते वाचूनच मला कळलं की तुला त्रास पानाचा नाही, हजेरीचा आहे. शाळेत हजेरी लागते, दवाखान्यात नाही, तिथे ताप आणि बीपी लागतं आणि ते सिस्टर लिहितात, तुला लिहावं लागत नाही.

आणि थांबलं की संपलं असं कुणी सांगितलं तुला? आपल्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तू पाहिली असशील, 1924 च्या डिसेंबरात बेळगावात अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, ते आपल्याकडे शाळेच्या पोरालाही पाठ आहे. पण त्याच वर्षी जानेवारीत त्यांचं पुण्यात ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, येरवड्याच्या तुरुंगातून नेऊन, ऑपरेशन चालू असतानाच लाईट गेली आणि कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. फेब्रुवारीत सुटले, मग जुहूला विश्रांती, आणि आपल्या साप्ताहिकांचं संपादन परत हातात घेतलं ते एप्रिलात. आठवड्याच्या आठवड्याला लिहिणारा माणूस, आधी तुरुंगामुळे आणि मग दुखण्यामुळे दोन वर्षं त्या कामापासून लांब, अंक दुसऱ्यांनी चालवले, आणि डिसेंबरात बेळगावात कुणी विचारलं नाही की मधले अंक कुठे गेले म्हणून. तुझे शंभर वाचणारे विचारतात ते हिशोब मागायला नव्हे गं, काळजीनं. त्यांना एकच ओळ पाठव, "बरी आहे, पान घरी आल्यावर", आणि मेसेजचा आवाज बंद करून ठेव.

आता दवाखान्यात लिहायचं कसं, कारण लिहिल्याशिवाय तू राहणार नाहीस हे मला माहिती आहे.

ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काही पाठवायचंच नाही. भूल दिल्यानंतर चोवीस तास तरी महत्त्वाचे निर्णय घेऊ नका, कागदांवर सह्या करू नका असं डॉक्टर सांगतातच, मग शंभर लोकांना मेसेज तरी कशाला? भुलीच्या आणि दुखण्याच्या गोळीच्या गुंगीत माणूस काय लिहील त्याचा नेम नाही, जावेबद्दल पोटात ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर यायचं. लिही हवं तर, पण वहीत, आणि दोन दिवसांनी स्वतः वाचून बघ.

दुसरं, सलाईनची सुई कुठल्या हाताला आहे? सहा आठवड्यांचं औषध म्हणजे सुईची जागा अधूनमधून बदलावी लागते. पुढच्या वेळी सुई लावायच्या आधीच सिस्टरना सांग, मी उजव्या हातानं लिहिते, शक्य असेल तर डाव्या हाताला लावा. शीर मिळाली तर लावतात, नाही मिळाली तर नाइलाज, पण विचारायला काय जातंय. आणि लिहिण्याच्या नादात सुईच्या जागी लाल झालं, सुजलं, ठणकायला लागलं तर पान अर्धं टाकून आधी बेल वाजवायची.

बॉलपेन घेऊ नकोस. उताणं झोपून वही वर धरली की बॉलपेन चार ओळींत बंद पडतं, शाई खाली उतरत नाही, मग तू ते झटकत बसणार आणि चादरीवर डाग, आणि आया ओरडणार. पेन्सिल घे, ती कशीही धरली तरी उठते. दोनशे पानी जाड वही नको, छातीवर पेलत नाही, शंभर पानीच घे आणि पोरांचं परीक्षेचं पॅड मागव. मोबाईलवर बोलून टाईप होतं, मराठीही बरं उठतं, पण जनरल वॉर्डात तू बोलून लिहिणार म्हणजे सगळा वॉर्ड ऐकणार, समोरच्या खाटेवरची विचारणारच, काय करूल्यास गे, कुणाला सांगूल्यास? म्हणून पेन्सिल.

त्या वहीची मागची बाजू डॉक्टरांसाठी ठेव. हे मी मनापासून सांगतेय, कारण रोज लिहायची तुझी सवय इथे खरी कामाला येते. राऊंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, "काय त्रास?" विचारतात आणि आपण "काही नाही, बरं आहे" म्हणून मोकळे, ते गेले की आठवतं रात्री थंडी वाजली होती. तर रोज एवढंच लिही: ताप किती वाजता आला, दुखणं शून्य ते दहापैकी किती, गोळीनंतर किती वेळानं कमी झालं, ड्रेसिंग बदललं तेव्हा काय रंगाचं पाणी होतं, जुलाब झाले का, अंगावर पुरळ आलं का. तुला कुठलं औषध चालू आहे मला माहीत नाही, पण काही अँटिबायोटिकं अशी असतात की कानात आवाज यायला लागतात, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येऊन लघवी कमी होते. असं काही वाटलं तर राऊंडची वाट बघायची नाही, लगेच सांगायचं. आणि डॉक्टरांना काय विचारायचंय ते प्रश्न रात्रीच लिहून ठेव. आमच्या सासूबाई ॲडमिट असताना राऊंडला डॉक्टर आले की आमच्या घरातली सगळी माणसं नुसती उभी राहायची, कुणाच्या तोंडातून प्रश्न फुटायचा नाही, आणि डॉक्टर लिफ्टमध्ये शिरले की मग एकेकाला सुचायचं.

पुढची बाजू तुझी. तिथे भीती, राग, रडू, काय ते. पण त्यालाही रोजचा नेम नको. अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये एक अभ्यास छापला होता. कॉलेजच्या मुलांना आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं, दिवसाला पंधरा मिनिटं आणि फक्त चार दिवस. लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मी त्यातून घेते ते इतकंच की चार दिवसही पुरतात, आणि लिहिल्यावर लगेच बरं वाटेल असं नाही. म्हणून जड गोष्टी रात्री लाईट बंद झाल्यावर एकटीनं लिहू नकोस, दुपारी लिही, भेटायला माणसं यायच्या आधी. आणि रोजच रडू यायला लागलं, झोप नाही, जेवण जाईना, तर ते पेन्सिलीनं सुटणारं नाही, डॉक्टरांना सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आजींचं. इथे मी तुझ्या बाजूनं नाही.

नाव घातलं नव्हतं म्हणतेस, पण पत्रात मला जे लिहिलंस तेवढ्यावरून मीच आजींना ओळखू शकले असते. अमक्या गावची, दोन मुली, मुलगा गोव्याला कामाला, सून सोबतीला, आणि आजार अमका. खानापूर काय, चंदगड काय, अख्ख्या मुलखाची माणसं बेळगावच्या दवाखान्यात येतात, कोण कुठल्या वॉर्डात आहे ते कणकुंबीच्या बसमध्ये सगळ्यांना माहिती असतं. तिथे नाव गाळून काय उपयोग? आणि आजार म्हणजे काही गंमत नाही गं, एखाद्या घरात मुलीची सोयरीक चालू असते, कुणी शेजाऱ्यांना सांगितलेलं नसतं, आणि आपल्या आपुलकीच्या पानानं ते गावभर होतं. खाटा चिकटून असतात म्हणून आपल्याला दुसऱ्याचं सगळं ऐकू येतं, राऊंडला डॉक्टर बोलतात तेही. ऐकू आलं म्हणून ते आपलं होत नाही. फोटो तर नकोच, तुझ्या पायाचा काढलास तरी मागे कोण आलंय ते बघ.

सुनेकडे जा, म्हणजे तू कुठे जाणार, तिला जवळ बोलव. ती कन्नड बोलणारी असली आणि तुझं कन्नड "ऊटा आतेनरी" (जेवण झालं का) च्या पुढे जात नसलं तरी चालेल, पण मध्ये तिसरं माणूस घालू नकोस. "माझं चुकलं, तुमच्या घरचं मी लिहायला नको होतं" एवढंच. "पण मी चांगलंच लिहिलं होतं" हे वाक्य गिळून टाक, ते म्हटलंस की माफी गेली. ज्यांना पान पाठवलंस त्यांना सांग, डिलीट करा आणि पुढे पाठवू नका. सगळे ऐकतील असं नाही, निम्म्यांनी ऐकलं तरी खूप. सून लगेच बोलेल अशी आशा ठेवू नकोस, ती रात्रभर सासूच्या खाटेखाली चटई टाकून झोपतेय, तिला तुझ्यापेक्षा मोठे ताप आहेत.

मग वॉर्डातलं लिहायचंच नाही का? लिही की. सकाळी सकाळी फिनेलचा वास, सात वाजता चहाची किटली, भेटायची वेळ संपली तरी दारात घुटमळणारी माणसं, तुझ्या खाटेवर बसून तुझ्यासाठी आणलेला कुंदा स्वतःच संपवणारी पाहुणी. तुला दिसतं ते तुझं आहे. पाठवायचं ते डिस्चार्जनंतर, तेव्हा काय ठेवायचं काय गाळायचं ते तुलाच नीट कळेल.

राहिले तुझे हे. "कुणाला पडलंय" म्हणाले ते वाईटच, पण तो माणूस खानापूरहून डबा घेऊन येतोय, रोपलावणीच्या दिवसांत शेत कुणाच्या तरी भरवशावर टाकून, बिलाचं टेन्शन वेगळंच, आणि तू मोबाईलवर रडत बसलेली दिसतेस. त्याला वाटतं ह्या लिहिण्यानंच रडतेय. त्यांना डॉक्टरांची बाजू दाखव, ताप आणि गोळ्यांची, आणि म्हण की राऊंडला तुम्ही असाल तेव्हा हे वाचून दाखवा. त्यांच्या हाताला काहीतरी काम लागेल. पेन्सिल आणि पॅडही त्यांनाच आणायला सांग.

आणि शेवटी विचारलंयस की जुन्या पानांचं पुस्तक करावं का. ते आत्ता नाही. आधी सहा आठवडे होऊ देत, वॉकर सुटू दे, मग सगळ्या वह्या काढून बस आणि मला परत लिही.

– आक्का