मेनस म्हणजे धमकी? मग कुत्रे कोणाला धमकी देतात?

प्रश्न असा होता की इंग्रजी पेपरात 'स्ट्रे डॉग मेनस' अशी हेडिंगं येतात, डिक्शनरीत मेनसचा पहिला अर्थ धमकी दिलाय, मग भटके कुत्रे कोणाला काय धमकी देतात?

डिक्शनरी बरोबरच आहे, फक्त जुना अर्थ आधी देते एवढंच. साधारण १३०० च्या आसपास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ सरळ धमकी असाच होता. पुढे धमकी देणारा माणूस किंवा ज्याच्यापासून धोका आहे ती वस्तू पण मेनस झाली आणि मग तो आणखी सौम्य होत होत नुसता उपद्रव, ताप देणारं कार्टं इथपर्यंत घसरला. कॉमिक्समधला खोडकर पोरगा 'डेनिस द मेनस' काय कोणाला खंडणी मागत नाही, तरी तो मेनसच. (गंमत म्हणजे त्या नावाची दोन वेगवेगळी कार्टी, एक अमेरिकेत आणि एक ब्रिटनमध्ये, दोन्ही १९५१ च्या मार्चमध्येच जन्माला आली.) जुना अर्थ आता मुख्यतः कायद्यात उरलाय, ब्रिटनच्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये ब्लॅकमेलची व्याख्या करताना 'विथ मेनसेस' म्हणजे धमकी देऊन केलेली मागणी असे शब्द आहेत.

पण खरी मजा मुळात आहे. लॅटिनमध्ये 'मिनाए' म्हणजे धमक्या, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भिंतीचे पुढे आलेले, डोक्यावर झुकलेले भाग. रोमन कवी व्हर्जिलने कार्थेज या प्राचीन शहराच्या अर्धवट राहिलेल्या तटबंदीचं वर्णन करताना हाच शब्द वापरलाय. म्हणजे धमकी ही मुळात बोलण्याची गोष्टच नव्हे, काहीतरी अंगावर येतंय ही भावना. आपण नाही का म्हणत, 'तो एकदम माझ्या अंगावरच आला', हात पण लावलेला नसतो त्याने. याच घराण्यात प्रॉमिनन्ट (पुढे आलेला), एमिनन्ट (वर उठलेला) आणि इमिनन्ट (डोक्यावर लटकणारा, आता कोसळेल असा) हे तिघे भाऊ. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेत कोणाला 'इमिनन्ट लेखक' छापलेलं दिसलं की मी जरा लांबच बसतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. याच मुळातून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'मिनारे' असं क्रियापद झालं, अर्थ गुरं हाकणं, म्हणजे ओरडून, दरडावून पुढे घालणं. मराठीत बघा, हाक म्हणजे आवाज देणं आणि हाकणं म्हणजे गुरं पुढे काढणं, अगदी तोच प्रवास! गुराख्याला रोममध्ये काय आणि आपल्याकडे काय, ओरडल्याशिवाय जनावर हलत नाही. त्या मिनारेचं फ्रेंचमध्ये 'मने' झालं, अर्थ नेणं, आणि त्यातून प्रॉमनाड (फिरायचा रस्ता), डिमीनर (वागणूक), अमीनेबल (सांगितलेलं ऐकणारा) असे एकदम सभ्य शब्द निघाले. म्हणजे मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी प्रॉमनाडवर फिरणारे आपण व्युत्पत्तीच्या हिशोबाने कोणीतरी हाकलेलेच!

जाता जाता थ्रेटबद्दल पण सांगतो, तो या घरातला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गर्दी, झुंड, मग दडपण. मुळात ढकलणं आहे, इन्ट्रूड (घुसणं) वगैरे त्याचे लांबचे नातेवाईक. मराठीतला 'रेटा' डोळ्यासमोर आणा की झालं.

मग भाषांतर काय करायचं? 'कुत्र्यांची धमकी' तर नकोच, आणि 'कुत्र्यांचा धोका' पण मला बेचव वाटतो. कुत्रे असतील तर उपद्रव किंवा उच्छाद, डासांचा सुळसुळाट, गुंडांची दहशत, आणि खंडणीवाला असेल तर सरळ धमकी. एकच मराठी शब्द शोधत बसू नका, मिळणार नाही. आणि उच्चार मेनस, पहिल्या अक्षरावर जोर, बातम्यांमध्ये मिनेस म्हणतात ते चुकीचं आहे.