गावाने केलेला पुराचा सर्व्हे सरकारी आराखड्यात कसा घुसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात नदीकाठी गाव आहे. पुराचे मोबाइल अलर्ट लोकांपर्यंत पोहोचतात का, याचा अभ्यास तरुण मंडळ करणार आहे. गुगल फॉर्म तयार आहे. अशा अभ्यासाने सरकारी धोरण खरंच बदलतं, की निवेदन देऊन फोटो काढायचा एवढंच?

बदलतं. पण आपला आकडा कोणत्या कागदाच्या कोणत्या रकान्यात बसणार, हे अभ्यासाआधी ठरवलं असेल तरच. बहुतेक मंडळं उलटं करतात. आधी सर्व्हे, मग चाळीस पानी अहवाल, मग तो कुणाला द्यायचा याची चर्चा.

तुमच्या बाबतीत तो कागद म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 31 नुसार त्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करावा लागतो. म्हणजे हे दार दरवर्षी एकदा उघडतंच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. मान्सूनपूर्व आढावा बैठका एप्रिल-मेमध्ये होतात आणि 1 जूनला नियंत्रण कक्ष सुरू होतो. जूनमध्ये नेलेला अहवाल पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातो. म्हणून तुमचा तक्ता मार्चच्या मध्यापर्यंत तहसील कार्यालयात आवक झालेला हवा, आणि त्यासाठी घरभेटी डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ऊसतोड जोरात असते, दिवसा घरात कुणी भेटत नाही. धारा काढून, डेअरीला दूध घालून माणसं साडेसातनंतर मोकळी होतात. तेव्हाच जा.

आता तो गुगल फॉर्म बाजूला ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फॉर्म ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि रिचार्ज आहे तोच भरतो. अलर्ट ज्यांना मिळत नाही ते नेमके त्या ग्रुपमध्ये नसतात. शंभरातल्या नव्वदांनी ‘मिळतो’ म्हटलं तर तो आकडा ग्रुपचा झाला, गावाचा नव्हे. पहिल्याच बैठकीत एखादा कारकूनसुद्धा ते दाखवून देईल.

त्याऐवजी घरांची यादी घ्या. गावठाणात समजा 600 घरं आहेत. दर पाचवं घर धरलं की 120 झाली. एवढ्या नमुन्यात आकडा साधारण 8 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि या कामाला तेवढी अचूकता पुरते. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर धरू नका, दोनदा परत जा. कुलूपवाली घरं बहुधा मजुरांची असतात, आणि सोयीसाठी शेजारी बदलला की मजूरच गळतात. चार जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक बाई हवीच. जोडीला दिवसाकाठी पाच-सहा घरं, म्हणजे पाच-सहा संध्याकाळींचं काम. मोबाइलवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्स हे सर्व्हेचं अॅप वापरा. ते नेट नसतानाही चालतं. आधी दहा घरांत फॉर्म चालवून बघा. निम्मे प्रश्न तिथेच बदलावे लागतील.

‘तुमच्याकडे मोबाइल आहे का?’ हा वाया गेलेला प्रश्न. सगळे ‘आहे’ म्हणतात. ‘आत्ता या घडीला घरात कुणाचा फोन आहे, चालू आहे का, आज त्यावर फोन येऊ शकतो का’ असं विचारा. मुलगा फोन घेऊन एमआयडीसीत कामाला गेलेला असतो आणि घरात सासू, सून आणि दोन म्हशी असतात. मग अलर्ट कुणाला मिळाला? पुढचा प्रश्न: शेवटचा अलर्ट दाखवता का? ज्यांना दाखवता येतो त्यांना तो वाचायला सांगा आणि ‘याचा अर्थ काय झाला, तुम्ही काय कराल?’ हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अख्ख्या सर्व्हेचा जीव या एका प्रश्नात आहे.

कारण खरी अडचण तिथेच उघडी पडते. पुराच्या बुलेटिनमध्ये येतं: पंचगंगेवरचा राजाराम बंधारा 41 फूट 6 इंच. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दारांपैकी किती उघडली हे चहाच्या टपरीवरही कळतं. पण खालच्या आळीतली म्हातारी फूट विचारत नाही, ती विचारते, “पाणी कुठवर आलंय?” 41 फुटांना तिच्या उंबऱ्यापासून पाणी किती हात लांब आहे, हे बुलेटिन सांगत नाही. शहरात सुतारवाडा, जामदार क्लब ही नावं ऐकली की लोकांना लगेच अंदाज येतो. तुमच्या गावासाठी असा हिशेब कुणी केलेला नसेल, तर तोच तुमचा अभ्यास. फूट आणि उंबरा यांचा तक्ता.

तो कसा बनवायचा ते नीट सांगतो, कारण चुका इथेच होतात. फोनच्या जीपीएसवर उंची मोजू नका. आडव्या अंतरात तो पाच-दहा मीटर चुकतो आणि उंचीत त्याहून जास्त. तुम्हाला हवा आहे विताएवढा फरक. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, 10-12 मिलिमीटर जाडीची, 20 मीटर लांब. पाणी भरताना बुडबुडा राहिला की मोजमाप चुकलंच. नळी उन्हात पसरून, एका टोकाने हळू भरा. 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून आहेत, काहींनी तारखेसह रंगवल्यात. देवळाच्या पायरीसारखी एक न हलणारी खूण शून्य माना आणि तिथून या खुणांची आणि घराघराच्या उंबऱ्याची उंची टप्प्याटप्प्याने घेत जा. शेवटी फिरून त्याच पायरीवर या. सुरुवातीच्या आकड्यात 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तो पट्टा पुन्हा मोजा. दुर्बीण आणि उभी मोजपट्टी (स्टाफ) असलेलं उंची मोजायचं यंत्र, म्हणजे ऑटो लेव्हल, मिळालं तर एका दिवसात काम होतं. अभियांत्रिकी कॉलेज किंवा शिवाजी विद्यापीठाचा भूगोल विभाग यांना पत्र देऊन विचारा. त्यांची सही असलेला तक्ता कार्यालयात वेगळ्या नजरेने पाहिला जातो. चांगलं की वाईट ते सोडा, तसं होतं खरं.

बंधाऱ्याच्या आकड्याशी जोडताना एक सापळा आहे. पाणी चढताना आणि उतरताना राजारामला आकडा सारखाच असला तरी तुमच्या गावातली पातळी सारखी नसते. म्हणून चढतीच्या नोंदीच वापरा आणि उतरतीच्या वेगळ्या ठेवा. शिरोळ तालुक्यातलं कुणी हे वाचत असेल तर राजारामवर विसंबू नका. तिथे कृष्णेचं पाणी येऊन मिळतं. तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी यांपैकी जवळची नोंद धरा.

टॉवरचा मुद्दा हिवाळ्यात मोजता येत नाही. सेल ब्रॉडकास्टचे अलर्ट टॉवरवरून सगळ्या फोनना एकदम जातात. त्याला नंबर लागत नाही की नेट लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर ते थेट वाजतात. पण टॉवर जिवंत हवा. पुरात वीज बंद करावी लागते, मग टॉवर बॅटरीवर जातो, त्यानंतर डिझेल पोहोचलं तरच चालतो. 2021 ला किती तास चालला असं विचारलं तर लोक अंदाजाने काहीही सांगतील. त्याऐवजी येत्या जुलैत तीन कंपन्यांची तीन सिमं तीन घरांत ठेवा आणि वहीत दोनच वेळा लिहा: लाइट कधी गेली, रेंज कधी गेली. या दोन वेळांमधलं अंतर हा तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार पुरावा ठरेल.

आता कागद फिरवायचा मार्ग. आधी ग्रामसभा. 26 जानेवारीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आठवडाभर आधी लेखी द्या. ‘ऐनवेळचे विषय’मध्ये ढकलला गेला तर घाईत उरकतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. ठराव गुळगुळीत नको. ‘पूरग्रस्तांना न्याय मिळावा’ या ठरावाचं कार्यालय काहीच करू शकत नाही. असा लिहा: राजाराम बंधाऱ्यावर 40 फूट नोंद होताच खालच्या आळीतील अमुक घरे हलवण्याची सूचना ग्रामपंचायतीने भोंग्यावरून द्यावी, आणि हा टप्पा जिल्हा आराखड्यातील गावाच्या नोंदीत घ्यावा. (40 हा नमुन्याचा आकडा, तुमचा मोजणीतून येईल तो घाला.) ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक यांसह प्रत घ्या.

ती प्रत आणि एका पानाचा तक्ता तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष अशा तिन्ही ठिकाणी द्या आणि आवक क्रमांक घ्या. लोकशाही दिनात नेऊ नका, तो वैयक्तिक तक्रारींसाठी असतो. तिथून अर्ज परत येईल. महिनाभर हालचाल नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: आवक क्रमांक अमुक, त्यावर कोणती कार्यवाही झाली, टिप्पणीची प्रत द्यावी. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुष्कळदा फाइल तेव्हाच टेबलावर येते. पेपरात बातमी मात्र त्याआधी देऊ नका. ‘प्रशासन झोपलंय’ असा मथळा आला की तोच अधिकारी तुमची मोजणी चुकीची ठरवण्याच्या मागे लागतो.

पैसे लागणारी मागणी असेल, समजा गल्लीच्या तोंडाला पातळीचे खांब किंवा सोलर भोंगा, तर अंदाजपत्रक जोडल्याशिवाय ती हलत नाही. खांब रंगवण्याइतपत खर्च ग्रामपंचायत आपल्या विकास आराखड्यात अबंधित निधीतून धरू शकते. बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. भोंग्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेतलं नावीन्यपूर्ण योजनेचं शीर्षक विचारून बघा. आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, हे प्रस्तावातच लिहा. उद्घाटनानंतर तिसऱ्या पावसाळ्यात मुके झालेले भोंगे कमी नाहीत.

टॉवर आणि अलर्टची भाषा जिल्ह्याच्या हातात नाही. दूरसंचार नियामक ट्राय एखाद्या विषयावर सल्लामसलतीचा कागद काढते तेव्हा कुणीही लेखी मत देऊ शकतं. तुमची जुलैची वही तिथे जोडता येईल. पण विचारलेल्या प्रश्नाच्या क्रमांकानेच उत्तर द्या. इंटरनेटच्या भेदभावी दरांच्या (काही साइटना स्वस्त, काहींना महाग नेट) वादात फेसबुकमार्फत आलेल्या साच्यातल्या उत्तरांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने जानेवारी 2016 मध्ये कळवलं होतं. 8 फेब्रुवारीला निघालेल्या नियमाने असे दर बंदच केले, म्हणजे तो त्या उत्तरांच्या विरोधात गेला.

लोकांच्या मोजणीला सरकारी कार्यक्रमात जागा मिळते का, ही शंका असेल तर आरोग्यसेवांवरची लोकाधारित देखरेख बघा. 2007 मध्ये महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली, तीही सरकारच्याच ग्रामीण आरोग्य अभियानात. गावाचं रिपोर्ट कार्ड रंगांत असायचं, चांगलं, मध्यम, वाईट. त्यामुळे न वाचता येणाऱ्यालाही कळायचं आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर ठेवता यायचं. तुमचा तक्ताही तसाच करा: 39 पर्यंत हिरवा, पुढे पिवळा, मग लाल, आणि प्रत्येक रंगापुढे घरांची संख्या.

घरांची नावं मात्र त्या तक्त्यावर नकोत. फॉर्मवर आधार, मोबाइल नंबर घेऊ नका, घराला क्रमांक द्या. अंथरुणाला खिळलेली माणसं, एकट्या राहणाऱ्या बायका यांची यादी पुरात लागते, पण ती कागदावर एकच प्रत, ग्रामपंचायतीच्या कपाटात. ग्रुपवर एकदा गेली की परत घेता येत नाही, आणि कोणत्या घरात कोण एकटं असतं हे चोरालाही कळतं.