टीबी वॉर्डात एकच एन-९५ आठवडाभर वापरायचा तर ठेवायचा कसा आणि टाकायचा कुठे?

तुम्ही लिहिलंय की आठवड्याला एकच मास्क मिळतो, ड्युटी संपली की त्यावर सॅनिटायझर मारून झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत ठेवता आणि शेवटी लाल बॅगेत टाकता. मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, तर आधी सॅनिटायझर बंद करा, बाकीचं नंतर.

एन-९५ नुसता चाळणीसारखं अडवत नाही हो. मधल्या थरातल्या पॉलिप्रॉपिलीनला बनवतानाच विजेचा भार दिलेला असतो आणि बारीक कण त्याला खेचले जाऊन चिकटतात, ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडतात ते मुख्यतः त्याच्या जोरावर. अल्कोहोल किंवा साबण लागला की भार जातो, मास्क दिसायला तसाच कडक पण गाळायची ताकद गेलेली, आणि ते वापरणाऱ्याला कळत पण नाही!

प्लास्टिक पिशवी पण नको, श्वासाची ओल आतच कोंडते. साधी कागदी पिशवी घ्या, वर नाव आणि तारीख टाका, मास्क चेपणार नाही असा ठेवा आणि पिशवी बदलत राहा. एप्रनच्या खिशात किंवा हनुवटीखाली लटकवून फिरू नका (डॉक्टर लोकं हे सर्रास करतात, त्यांना सांगणार कोण). काढताना पुढून धरायचा नाही, इलॅस्टिकला धरून काढा, मग हात धुवा.

किती दिवस? कोविडमध्ये दिल्लीच्या एम्सने ५ मास्क २० दिवसांसाठी दिले होते, आलटून पालटून प्रत्येक ४ वेळा, कारण तो व्हायरस प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला होता. टीबीचं तसं नाही, टीबी हवेतून पसरतो, हात लागून नाही, आणि फिल्टरमध्ये अडकलेले जंतू सहजी परत उडत नाहीत. म्हणून इथे दिवस मोजण्यापेक्षा मास्कची हालत बघा. इलॅस्टिक सैल झालं, नाकावरची पट्टी बसेना, ओला झाला, थुंकी-रक्त उडालं, की गेला, मग पहिलाच दिवस का असेना. रोज घातल्यावर दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे हवा लागली तर सील बसलेलं नाही.

आता बॅग. लाल बॅग रिसायकल होणाऱ्या प्लास्टिकसाठी, सलाईनच्या नळ्या, ग्लोव्हज वगैरे, ते ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाखालच्या गरम वाफेने निर्जंतुक होऊन) पुढे जातं. मास्क पिवळ्यात, तो जाळायचा असतो. सीपीसीबीने (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने) २०२० च्या कोविड गाइडलाइनमध्ये पण हेच लिहिलं होतं, मास्क पिवळ्यात, गॉगल आणि फेसशील्ड लाल. टाकायच्या आधी इलॅस्टिक कात्रीने कापा, मावशी-मामांना पण सांगून ठेवा. याला कोणी जास्तीची कटकट म्हणालं तर जळगावचं आठवण करून द्या, २०२१ मध्ये तिथे एमआयडीसीतल्या एका गादी कारखान्यात कापसाऐवजी वापरलेले मास्क भरत होते, पोलीस केस झाली होती. आणि पिवळी बॅग वॉर्डात साठवून ठेवायची नाही, ४८ तासांच्या आत गेली पाहिजे.

माझं विचाराल तर एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) पेशंटच्या वॉर्डात आठवड्याला एक हा हिशोबच कंजूषपणाचा आहे. मास्क खराब झाला की इंडेंट बुकात (स्टोअरकडे सामान मागायच्या वहीत) कारणासकट लिहूनच मागा, तोंडी मागितलेलं स्टोअरवाले विसरतात.