ऑफिसचा फोन, चॅट, मीटिंग आणि ‘कोण उपलब्ध आहे’ हे दाखवणारं स्टेटस एकाच सेवेत आणावं का?

तुमच्याकडे डेस्क फोन, चॅट आणि व्हिडिओ मीटिंग अशा तीन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि त्या एकत्र करून प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा-लाल ठिपका दिसेल अशी सेवा घ्यावी का, असं विचारलंय. घ्या. पण आधी फोन जोडा, ठिपके नंतर दाखवा. क्रम उलटा केला की काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

मी या कामात आले ती ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजच्या, बोर्डवरून. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक दिवा, लागलेला असला की माणूस फोनवर. बाकीचं डोक्यात असायचं: कोण बैठकीत आहे, कोणाला दुपारी फोन दिलेला चालत नाही, कोण नुसतं ‘नाहीये म्हणून सांगा’ म्हणतो. आज ज्याला प्रेझेन्स म्हणतात ते काम मी बारा वर्षं केलं. त्यामुळे कोणी हे नवं तंत्रज्ञान म्हणून समजावायला लागलं की हसू येतं.

मग आमच्याकडे एकत्रित सेवा आली. चॅट, मीटिंग, कॅलेंडर सगळं एका खिडकीत. डेस्क फोन मात्र जुन्या ईपीएबीएक्सवरच राहिले, कारण गेटवे (जुने फोन नव्या सेवेला जोडणारं यंत्र) आणि लायसन्सचा खर्च ‘दुसऱ्या टप्प्यात’ गेला. ठिपके खोटं बोलतील, असं मी मेल करून कळवलं. साहेब म्हणाले, “ठिपके तर दिसू देत, फोनचं मग बघू.”

ठिपका बदलतो तो कशावरून? कीबोर्ड-माउस हलतोय का, कॅलेंडरमध्ये मीटिंग आहे का, त्याच सेवेतून कॉल चालू आहे का. दुसऱ्या यंत्रावरचा कॉल त्याला दिसतच नाही. आमच्याकडे 5 मिनिटं हालचाल नसली की हिरव्याचा पिवळा व्हायचा. ग्राहक सेवेतली एक मुलगी भडकलेल्या ग्राहकाला पाऊण पाऊण तास समजवायची, टिपणं वहीत घ्यायची. तेवढा वेळ ती पिवळी. तिच्या मागच्या रांगेत संगणकावर पत्ते खेळणारा गृहस्थ दिवसभर हिरवागार. महिनाअखेरीला साहेबांनी तिच्या पिवळ्या ठिपक्यांचे स्क्रीनशॉट पुढ्यात ठेवले. “जागेवर नसतेस.”

झालं. आठवड्याभरात अर्ध्या ऑफिसला युक्ती सापडली: ऑप्टिकल माउस मनगटी घड्याळावर ठेवायचा, सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं कोणीतरी हलवतंय. (प्रत्येक माउसवर जमत नाही.) सगळे हिरवे झाले, आणि खरंच कोण मोकळं आहे हे ज्यांना हवं होतं ते पुन्हा मला फोन करून विचारायला लागले.

ही सोय हजेरी घ्यायला केलेलीच नाही. सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची ठरलेली पद्धत. त्यातल्या प्रेझेन्सचा दस्तऐवज, आरएफसी 3856, 2004 साली आला. त्यातली व्याख्या इतरांशी संपर्क साधण्याच्या ‘इच्छे’ची आणि ‘क्षमते’ची आहे. इच्छा आधी. ‘आत्ता बोलायचं नाही’ हेही पुरेसं स्टेटस झालं. खुर्ची भरलेली आहे की रिकामी, हा तिथे प्रश्नच नाही. शिवाय कोणाचं स्टेटस कोणी बघावं याला परवानगी लागते, हेही त्यातच आलंय. साहेबांना हे दाखवलं होतं. “फार तांत्रिक आहे,” म्हणाले.

म्हणून विकायला येणाऱ्याला डेमोत एवढंच करायला लावा. तुमच्याच डेस्क फोनवरून खरा कॉल लावा आणि शेजारच्या स्क्रीनवर ठिपका लाल होतो का बघा. फोन ठेवल्यावर परत हिरवा होतो का तेही बघा, तिथे बरेच अडकतात. मोबाइलवर वळवलेल्या कॉलचं काय, ते विचारा. साध्या सिमवरचं बोलणं या सेवांना बहुधा कळत नाही. आणि कोण किती वेळ पिवळा होता याचा रिपोर्ट निघत असेल तर तो पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. साहेब मागतीलच.

हां, एक राहिलं. दहा-पंधरा माणसं एकाच खोलीत बसत असाल तर यातलं काहीच घेऊ नका, मान वर करून बघा. आणि सगळं एका सेवेत आणलंत की इंटरनेट गेल्यावर फोन, चॅट, मीटिंग सगळं एकदम जातं. एक-दोन साध्या लाइन वेगळ्या ठेवा.

आमचे फोन शेवटी वर्षभराने जोडले गेले. तेव्हा मी ईपीएबीएक्सचं जुनं कॉल रेकॉर्ड काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्या विभागात सगळ्यात जास्त मिनिटं त्या मुलीच्या एक्स्टेन्शनवर होती. ती तोवर विभाग बदलून गेली होती. साहेब म्हणाले, “हे तेव्हाच सांगायचं ना.”

मेल अजून ठेवलाय मी, तारखेसकट.