फोनबूथमागचा बार

प्रश्न : न्यूयॉर्कला भाचीकडे जातोय. दारूबंदीच्या काळातल्यासारखा छुपा बार पाहायचाय. पीडीटी (‘प्लीज डोन्ट टेल’) या बारचं नाव ऐकलंय. आत कसं शिरायचं? मी मांसाहार करत नाही.

उत्तर : अवश्य जा. ईस्ट व्हिलेजमधल्या सेंट मार्क्स प्लेसवर ‘क्रिफ डॉग्ज’ हे हॉटडॉगचं दुकान शोधा. पीडीटीची वेगळी पाटी शोधत बसू नका. दुकानात लाकडी फोनबूथ आहे. आत उभं राहून रिसीव्हर उचला, आतल्या कर्मचाऱ्याला कळलं की तो बूथची भिंतच दारासारखी उघडतो! २००७ मध्ये सुरू झालेला हा बार १९२०–३३च्या अमेरिकन दारूबंदीतल्या चोरट्या अड्ड्यांची आठवण जागवतो.

जागा मोजकीच आहे, म्हणून टेबल आधी राखून ठेवा. मूळ पासपोर्ट जवळ हवाच. वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, तिथे आधार किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. बिलावर साधारण २० टक्के टिप धरा.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. इथलं गाजलेलं पेय म्हणजे ‘बेंटन्स ओल्ड फॅशन्ड’. त्यात डुकराची चरबी मुरवलेली असते. बेकनची (खारवून धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाची) वितळलेली चरबी बर्बनमध्ये, म्हणजे मुख्यतः मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीत, काही तास ठेवतात, मग फ्रीझरमध्ये गोठवून गाळतात. चरबी निघून जाते, धुरकट वास उरतो. पेल्यात साधारण ६० मिलि ही बर्बन, ७ मिलि मेपल सिरप, बिटर्सचे (कडवट, मसालेदार अर्काचे) दोन शिंतोडे आणि संत्र्याची साल. दिसायला अगदी नितळ, त्यामुळे नुसतं बघून कळणार नाही. ऑर्डर देतानाच ‘मांस, चरबी, अंडं नको’ असं स्पष्ट सांगा. ‘सावर’ (लिंबासारखा आंबट रस घातलेल्या कॉकटेल) प्रकारात फेसासाठी बऱ्याचदा अंड्याचा पांढरा बलक घालतात.